नमिराजाच्या राण्या

बारा भावनांमधली चौथी भावना एकत्वाची. जीव एकटा येतो, एकटा जातो, केलेलं एकट्यानंच भोगतो. नगरला आमच्या पाठशाळेत ही भावना शिकवताना बाई नमिराजाची गोष्ट हमखास सांगायच्या. मिथिलेच्या राजाला दाहज्वर झाला. अंगाची आग काही केल्या शमेना. वैद्यांनी चंदनाचा लेप सांगितला. राण्या स्वतः चंदन उगाळायला बसल्या, तर त्यांच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज आजारी राजाला सोसवेना. मग राण्यांनी सौभाग्याची म्हणून एकेक बांगडी ठेवली आणि बाकीच्या उतरवल्या. आवाज थांबला. राजानं विचारलं, उगाळणं बंद झालं का? बंद नाही, हातात एकेकच बांगडी आहे, असं उत्तर आलं. राजाच्या मनात उजेड पडला: अनेक असतात तिथे कलकल, एक असतो तिथे शांती. बरा झालो तर दीक्षा घेईन, असं त्यानं ठरवलं. ताप उतरला आणि तो निघाला.

आम्हा मुलींना या गोष्टीतला बांगड्यांचा भाग फार आवडायचा. बाई सांगायच्या तेव्हा आम्ही मुद्दाम हात हलवून बांगड्या वाजवायचो. पुढे लग्न होऊन मी इकडे आले. सिल्वाशाजवळ गलोंड्याला आमचं घर, आणि ह्यांची नोकरी धाग्याच्या कारखान्यात. गोष्ट मागे राहिली, पण भावना रोज संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर म्हणतच होते. म्हणणं आणि भोगणं यात किती अंतर असतं ते 2021 साली कळलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. सुपारीएवढी, आणि दुखत अजिबात नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मीही धरलं. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर 'चरबीची गाठ आहे, राहू द्या' म्हणाले. मी राहू दिली. चार महिने गेले. मैत्रिणींनो, हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. न दुखणारी गाठच आधी तपासायची असते, हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला माहीत नव्हतं म्हणून लिहिते. दिवाळीच्या तोंडावर काखेतही गाठ लागली. तेव्हा मेमोग्राफी, सोनोग्राफी, सुईनं तुकडा काढून तपासणी, सगळं झालं आणि मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलची फाइल हातात आली. आधी आठ केमो, मग ऑपरेशन, मग पंधरा दिवस शेक, मग वर्षानुवर्षं गोळी.

गलोंड्याहून सिल्वासा, सिल्वाशाहून वापी, वापीहून गाडीनं मुंबई. दर तीन आठवड्यांनी हा प्रवास, तोही कोविडच्या दिवसांत. आत पेशंटबरोबर एकच माणूस. घाटकोपरला माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, तिनं मुलाची खोली रिकामी करून आम्हाला दिली आणि मुलगा सहा महिने हॉलमध्ये झोपला. नाशिकहून मोठ्या जाऊबाई आल्या. आम्ही त्यांना भाभी म्हणतो. आठ दिवसांची बॅग घेऊन आलेल्या भाभी पाच महिने राहिल्या. पुण्याहून मुलगी शनिवार-रविवार यायची. सिल्वाशाच्या मंडळातल्या बायकांनी डब्याच्या पाळ्या लावल्या, त्याचा कागद आमच्या फ्रिजवर होता. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना आम्ही बाई म्हणतो. त्यांच्याकडे पाण्याचं खातं. डॉक्टरांनी पाणी उकळून प्या, शिळं खाऊ नका, कच्चं खाऊ नका म्हटलं, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहण्यासारखं होतं. जन्मभर त्या आम्हाला हेच सांगत आल्या होत्या.

माझा चौविहार मात्र सुटला. रात्री उलटीची गोळी, वरून भरपूर पाणी. मला फार लागलं ते. सोळाव्या वर्षापासून सूर्यास्तानंतर तोंडात थेंब घातला नव्हता. बाई म्हणाल्या, "अगं, पच्चक्खाण घेतानाच त्यात आगार असतात. मनाची समाधी टिकावी म्हणून सूट ठेवलेली असते. ज्यांनी नियम केले त्यांना आजारपण माहीत नव्हतं का?" आणि रात्री बारा वाजता स्वतःच्या हातानं मला गोळी द्यायला लागल्या. त्या स्वतः दिवस मावळल्यावर पाण्याला शिवत नाहीत. पण माझ्यासाठी ग्लास भरायच्या.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते. एवढी माणसं धावत होती आणि मला त्यांचा राग येत होता. तिसऱ्या केमोनंतर केस गेले, तोंडात फोड आले, पाण्याची चवही लोखंडासारखी लागायला लागली. लाल रंगाचं ते औषध डोळ्यांपुढे आलं तरी मळमळायचं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज नको वाटायचा, फोनवर 'कशा आहात' विचारलेलं नको वाटायचं. मनात एकच घोळायचं, यांच्यापैकी कुणाला माझी एक मळमळ घेता येते का? नाही ना? मग कशाला ही गर्दी? आणि याला मी एकत्व भावना समजत होते. आपल्याला काहीतरी ज्ञान होतंय, असं चक्क वाटत होतं.

एका रात्री भाभी माझे पाय चेपत होत्या. केमोनंतर तळव्यांना मुंग्या यायच्या. त्यांच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. मी ओरडले, "त्या बांगड्या काढा हो आधी!"

त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी त्या चहा घेऊन आल्या तेव्हा पाहिलं, दोन्ही हातांत एकेकच बांगडी होती.

मी चहा घेऊ शकले नाही. नमिराजाची गोष्ट पन्नास वर्षांत किती वेळा ऐकली असेल, पण राजाच्या खोलीच्या बाहेर कुणी बसलंय हे मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं. शांतता आपोआप झाली नव्हती. ती कुणीतरी हात रिकामे करून केली होती. चंदन उगाळणं तर थांबलंच नव्हतं. खोड घासून घासून त्यांच्या तळव्यांना फोड आले असतील, झोप तर नव्हतीच. आणि राजाला ज्या शांततेत 'मी एकटा' हे उमगलं, ती शांतता अनेकींच्या हातची होती.

पुढे सिल्वाशाला चातुर्मासात महासतीजी होत्या, त्यांना भीत भीत विचारलं. म्हटलं, त्या राण्यांचं पुढे काय झालं? त्या हसल्या. म्हणाल्या, गोष्ट नमिराजाची सांगायची असेल तर एकत्व भावना होते. राण्यांची सांगितली तर तिचं नाव वैयावच्च.

वैयावच्च म्हणजे आजाऱ्याची, तपस्व्याची, वृद्धाची सेवा. सहा आभ्यंतर तपांतलं हे एक तप, म्हणजे आपल्याकडे सेवेला उपकारात न धरता तपात धरलंय. उत्तराध्ययन सूत्रात तर वैयावच्चानं तीर्थंकर-नामकर्म बांधलं जातं असं सांगितलंय, यापेक्षा मोठं फळ नाही. नंदिषेण मुनींची कथाही याचीच. घाणीनं अंग भरलं तरी ते आजारी साधूला खांद्यावरून घेऊन चालत राहिले. हे सगळं सेवा करणाऱ्यासाठी. पण मी त्या वर्षी सेवा करणारी नव्हते, करून घेणारी होते. करून घेणाऱ्यानं कसं असावं? नंदिषेणांच्या खांद्यावरचा तो रोगी तर शिव्या देणारा होता, म्हणजे परीक्षा घ्यायला आलेला देव. माझ्यात देव नव्हता, शिव्या मात्र होत्या.

आम्हा बायकांना घेणं शिकवलेलंच नसतं. डबा पाठवायचा तर आपण, रात्र जागायची तर आपण. कुणी आपल्यासाठी जागलं की आपल्याला ते कर्ज वाटायला लागतं. फ्रिजवरचा पाळ्यांचा कागद मी उधारीच्या वहीसारखा वाचायचे: हिच्या मुलीच्या लग्नात काय द्यावं लागेल, तिच्या सासूचं ऑपरेशन झालं तर मला जायलाच हवं. अशा हिशेबात कृतज्ञता कुठून राहणार? राग येतो तो त्या हिशेबाचा, आणि निघतो माणसावर.

याच काळात भगवतीसूत्रातली रेवतीची कथा पुन्हा वाचली. गोशालकाच्या तेजोलेश्येमुळे भगवान महावीरांना दाह सुरू झाला. सिंह अनगार एकांतात रडत बसले, भगवान आता वाचत नाहीत म्हणून. भगवंतांनी त्यांना बोलावून घेतलं आणि रेवती श्राविकेकडे पाठवलं. तिनं माझ्यासाठी म्हणून केलेला कोहळ्याचा पाक आणू नकोस, घरात आधीपासून असलेला बिजोऱ्याचा पाक आण. तो घेतला आणि रोग शमला. ही कथा आपल्या श्वेतांबर परंपरेतली, दिगंबर बंधू-भगिनी ती मानत नाहीत. पण मला तिनं आधार दिला. ज्यांना कुणाचीच गरज नव्हती त्यांनीही औषध घेतलं, तेही एका बाईच्या घरचं. सहन करतो म्हणून बसून राहिले नाहीत. रडणाऱ्या शिष्याला काम देऊन पाठवलं. आणि घेताना विवेक ठेवला, कुणावर मुद्दाम भार पडू नये असा.

मी त्यातून काय केलं? फार काही नाही. फ्रिजवरच्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं, 'वेगळं काही करू नका, घरात जे शिजेल तेच थोडं जास्त.' बायकांना सुटल्यासारखं झालं असावं, कारण त्यानंतर डब्यात सूप आणि शिरा येणं बंद झालं आणि मुगाची आमटी-भात यायला लागला. तो मला जायचाही. भाभींना बांगड्या घाला म्हणून तीनदा सांगितलं. त्यांनी घातल्या नाहीत. म्हणाल्या, "आता मलाच सवय झाली." मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "संवत्सरीला माग, एकदमच देते."

कर्माचं बोलायलाच हवं. बघायला आलेल्या एक जण माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "असातावेदनीयाचा उदय. मागच्या भवात काय केलं असेल कुणास ठाऊक." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण अर्धं शास्त्र फार जखम करतं. आपल्याकडे कोणतंही कार्य घडायला पाच समवाय मानतात: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ. त्यातलं एकच उचलून आजाऱ्याच्या छातीवर ठेवायचं, हा एकांतवाद झाला, आणि अनेकांतवाद्यांच्या घरात तो शोभत नाही. शिवाय पूर्वकृत समोरच्याच्या खात्यावर लिहिताना, या क्षणीचा पुरुषार्थ माझ्याकडे आहे, हे बोलणारी सोयीनं विसरते. सुसान सॉन्टॅग नावाच्या अमेरिकन लेखिकेला 1975 मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला. तिनं पुढे 1978 मध्ये 'इलनेस अॅज मेटाफर' हे पुस्तक लिहिलं. रोगाला रोग्याच्या स्वभावाचा किंवा पापाचा अर्थ चिकटवला की माणसं लाजतात, लपवतात, उशिरा येतात, असं तिचं म्हणणं. तिकडे कर्म म्हणत नाहीत, मनात कोंडलेला राग म्हणतात. पण ठपका तोच. आपल्याकडे तर या अवयवाचं नावही उच्चारत नाहीत. नूतन 1991 मध्ये याच आजारानं गेली तेव्हा आमच्या घरात मोठी माणसं 'तिला कॅन्सर होता' एवढंच म्हणाली. कशाचा, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

मग माणसांचा उपयोग नेमका काय? मी याचा जरा शोध घेतला, मुलीनं मदत केली. 1989 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात दिसलं होतं की, पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या ज्या बायका गटात बसून मन मोकळं करत, त्या जास्त जगल्या. जगभर चर्चा झाली. पुढे त्यांनी स्वतःच पुन्हा अभ्यास केला तेव्हा एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. हे मला आवडलं, आपलंच म्हणणं पुन्हा तपासायला घेणारा माणूस. 2006 मध्ये आणखी एक अभ्यास आला, 2,835 परिचारिकांचा, ज्यांना हा कॅन्सर झाला होता. ज्या एकट्या पडलेल्या होत्या त्यांच्यात मृत्यू जास्त होते. जवळचे नातेवाईक, मैत्रिणी, मुलं असण्यानं फरक पडत होता. धार्मिक-सामाजिक कार्यक्रमांना जाण्यानं मात्र पडत नव्हता. (हे मी मंडळात वाचून दाखवलं तेव्हा आमच्या अध्यक्षा जरा नाराज झाल्या.) अभ्यास करणाऱ्यांना वाटतं की, एकटीला काळजी घेणारं कुणी मिळत नाही, हे यामागचं एक कारण असावं. मला ते पटतं. मळमळ कुणी वाटून घेत नाही, पण वापीच्या फलाटावर पायऱ्या चढताना पाठीमागे कुणाचा तरी हात असतो. ताप शंभरच्या वर गेला तर 'सकाळी बघू' न म्हणता रात्रीच गाडी काढणारं कुणी असतं. चौथ्या केमोनंतर माझ्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या, आणि ह्यांनी तशीच रात्री दोन वाजता गाडी काढली होती. एकत्व भावना खोटी नाही. ताप माझाच होता. गाडी ह्यांनी चालवली.

आता तिच्याबद्दल. ती आमच्या शेजारच्या पाड्यावरची, वारली. भाताच्या लावणीला आणि कापणीला जाते, एरवी आमच्याकडे अंगण-गोठ्याचं बघते. वय चाळीसच्या आत-बाहेर. मला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणते. माझा शेक संपून मी घरी आले, टकलावर मऊ केस यायला लागले होते. ती एक दिवस न्हाणीघराशी आली, दार लोटलं आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ होती, माझ्यापेक्षा मोठी. किती दिवस? मागची होळी झाली तेव्हापासून. म्हणजे दीड वर्ष. मी आजारी पडायच्या आधीपासून.

म्हणजे मी सुपारीएवढ्या गाठीसाठी मुंबई गाठत होते, आणि माझं अंगण झाडणारीच्या छातीत ती त्याहून मोठी घेऊन फिरत होती. मला डबे येताना ती बघत होती. मी विचारलं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, "माझ्यासंगं कोण जाईल?"

गाठीची भीती तिला होती, पैशाचीही होती, पण तिच्या तोंडून आधी निघालं ते हे. नवरा रोजंदारीवर, सासू म्हातारी, पोरं लहान, शेळ्या चार. एक दिवस हॉस्पिटल म्हणजे दोन माणसांचे रोज बुडणार. मला ज्या माणसांचा वैताग येत होता, त्यातलं अर्धं माणूस तिला मिळालं असतं तर दीड वर्ष गेलं नसतं. अशरण भावना मी रोज म्हणत होते, कुणीच कुणाला शरण नाही. कोसंबीच्या श्रीमंताचा मुलगा डोळ्यांच्या वेदनेनं तळमळत होता, आई-बाप, भाऊ-बहिणी, उपाशी राहून उशाशी रडणारी बायको, कुणी त्याला सोडवू शकलं नाही, म्हणून तो स्वतःला अनाथ म्हणाला आणि अनाथी मुनी झाला. पण त्याच्या उशाशी निदान सगळी होती! सगळी असून अनाथ आहे, हे कळायला आधी सगळी असावी लागतात. पाड्यावरच्या बाईला ती भावना शिकवायला जाण्याइतकं माझं धाडस नाही.

मुंबईत टाटा हॉस्पिटलनं एक मोठं काम केलं होतं. 1998 पासून वीस वर्षं, वस्त्यांमधल्या जवळजवळ दीड लाख बायका घेतल्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी छातीची तपासणी, मशीन न वापरता, नुसत्या हातानं. तपासणाऱ्या डॉक्टरही नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: या बायकांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हे वाचलं तेव्हा न्हाणीघरात माझा हात धरणारी तीच डोळ्यांपुढे आली. मी सेविका नाही, पण हात मलाही आहेत, आणि दीड वर्ष ती माझ्या अंगणात होती. मी तिला कधी विचारलं नव्हतं, तू बघितलंस का स्वतःचं?

पहिल्यांदा सिल्वाशाच्या सिव्हिल हॉस्पिटलात तिला मीच घेऊन गेले. नंतर मुंबई. ह्यांनी 'तुझी तब्येत' म्हणून थोडा विरोध केला, तो बरोबरही होता. माझा डावा हात अजून सुजतो, ओझं उचलायचं नाही. मग भाभींना फोन केला. त्या पुन्हा बॅग घेऊन आल्या. घाटकोपरच्या मैत्रिणीला विचारायला मला संकोच वाटला, ती म्हणाली, खोली तीच आहे, चादर बदलते. सगळंच असं गोड झालं असं समजू नका. मंडळातल्या काहींनी डब्याच्या पाळीत नाव दिलं नाही. एकीनं 'त्यांचं आणि आपलं खाणं वेगळं' म्हणून विषय संपवला. मी वाद घातला नाही. माझ्यासाठी जागलेल्या त्याच बायका आहेत, त्यांचं मी खाल्लंय. पाळ्यांचा कागद छोटा झाला एवढंच.

तिच्या घरचा प्रश्न शेळ्यांचा होता. तो बाईंनी सोडवला. चार शेळ्या आमच्या गोठ्यात आल्या. गोठा धूत नाही म्हणून त्या रोज कुणावर तरी ओरडत असतात.

तिची परवा चौथी केमो आहे. केस गेलेत, डोक्याला ती माझाच जुना निळा स्कार्फ बांधते. मागच्या खेपेला गाडीत तिनं मला विचारलं, "तू का येतेस गं?" मला पटकन काही सुचेना. मी म्हटलं, मला खिडकीची जागा मिळते. ती हसली आणि तिनं फडक्यातून नागलीची भाकर काढली, अर्धी मला दिली. सूर्य पालघरच्या पुढे होता, अजून वेळ होता. मी खाल्ली.